हिस्लॉप कॉलेजातला कोच: रेव्हरंड जेम्स लॉसन यांची आठवण नागपूरकरांनी कशी ठेवावी?

सीताबर्डीकर | सोमवार, सकाळी ८:१२

जानेवारीचा तिसरा सोमवार म्हणजे अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी. कालपासूनच आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर 'माझं एक स्वप्न आहे' हे वाक्य उगवत्या सूर्याच्या फोटोवर चिकटवून फिरतंय. फिरू दे. पण अहिंसक लढ्याचा जगातला आघाडीचा विचारवंत आणि डावपेच आखणारा असं ज्यांना खुद्द किंग म्हणायचे, ते गृहस्थ तीन वर्षं आमच्या नागपुरात राहून गेले, हिस्लॉप कॉलेजात शिकवत होते, पोरांचे खेळाचे कोच होते, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. सिव्हिल लाइन्समधल्या त्या फाटकासमोरून शाळेत असताना रोज सायकलने गेलोय मी. म्हणून हा धागा.

रेव्हरंड जेम्स लॉसन. जन्म २२ सप्टेंबर १९२८ चा, पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाउनचा. वाढले ओहायोतल्या मॅसिलनमध्ये. ९ जून २०२४ ला लॉस एंजेलिसमध्ये वारले, पंच्याण्णव वर्षांचे होते.

त्यांची एक गोष्ट ते स्वतःच आयुष्यभर सांगत आले. आईने कसल्याशा कामाला पाठवलं होतं. रस्त्यात उभ्या गाडीतून एका गोऱ्या पोराने रंगावरून शिवी हासडली. जिमी गेला आणि त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात आईला सांगितलं. आई चुलीकडे तोंड करून स्वयंपाक करत होती. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, एवढंच विचारलं, 'त्याने काय साधलं, जिमी?' मग ती हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिली. यापेक्षा चांगला मार्ग असलाच पाहिजे, असं तिचं म्हणणं.

पुढे कोरियाचं युद्ध लागलं. पाद्री व्हायला निघालेल्या विद्यार्थ्याला सैन्यभरतीतून सूट मिळण्यासारखी होती. यांनी ती मागितलीच नाही, भरतीलाच नकार दिला. १९५१ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातले तेराएक महिने भोगले. सुटल्यावर १९५३ मध्ये मेथडिस्ट चर्चतर्फे नागपूर.

तेव्हाचं नागपूर म्हणजे मध्य प्रदेशची राजधानी, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. गांधीजींना जाऊन पाच वर्षं झाली होती. सेवाग्राम पंचाहत्तर किलोमीटरवर, आणि त्यांच्यासोबत तुरुंगात जाऊन आलेली माणसं हयात होती. लॉसन अशा माणसांना भेटत राहिले, वाचत राहिले. आणि डिसेंबर १९५५ मध्ये एक दिवस 'नागपूर टाइम्स'च्या पहिल्या पानावर त्यांनी बातमी वाचली की अलाबामातल्या मॉन्टगोमेरी गावी कृष्णवर्णीयांनी सिटी बसवर बहिष्कार टाकलाय. टाळ्या पिटत एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतला सहकारी काय झालं म्हणून बघायला आला. ज्याची वाट बघत होते ते घरी सुरू झालं होतं, आणि ते त्यांना नागपुरात छापलेल्या पेपरातून कळलं.

१९५६ मध्ये परतले. फेब्रुवारी १९५७ मध्ये ओबर्लिन कॉलेजात किंग व्याख्यानाला आले तेव्हा भेट झाली. दोघंही अठ्ठावीस वर्षांचे. शिक्षण संपवून कधीतरी दक्षिणेत काम करायला येईन म्हणतो, असं लॉसन म्हणाले. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या, तुमच्यासारखं तिकडे कोणी नाही. लॉसन शिक्षण अर्धवट टाकून टेनेसीतल्या नॅशव्हिलला गेले.

आणि आता मला जे सांगायचंय ते. नॅशव्हिलला त्यांनी भाषणबिषणं देत बसण्यापेक्षा तालीम उघडली. चर्चच्या तळघरात कॉलेजची पोरंपोरी जमायची. अर्धी पोरं गोरे गुंड व्हायची, अर्धी दुकानातल्या गोऱ्यांसाठीच राखलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी. गुंडांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ओढून खाली पाडायचं. बसलेल्यांनी डोकं कसं झाकायचं, अंगाचं मुटकुळं कसं करायचं, शेजारच्याला मार पडत असेल तर आपलं अंग मध्ये कसं घालायचं, हे पुन्हा पुन्हा घोटायचं. १९५९ चा सगळा शरद ऋतू हे चाललं होतं. त्या तळघरात कोण होतं? डायेन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लफाएट, जेम्स बेव्हल. पुढच्या दहा वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या लढ्यात यांतलं कोणी ना कोणी सापडतंच.

आपण अहिंसा म्हटलं की संतपण डोळ्यांपुढे आणतो. ज्याला राग येत नाही तो अहिंसक. लॉसन मुळात कोच होते. त्यांच्या लेखी ती जोर-बैठकांसारखी गोष्ट. राग येणारच, पण अंगाला आधी वळण लावलं असेल तर हात उठत नाही.

तर प्रश्न असा. २०२८ मध्ये त्यांची जन्मशताब्दी आहे. नागपूरकरांनी काय करावं? पुतळा म्हणू नका, चौक उरले नाहीत.

तर्रीपोहे | सोमवार, सकाळी ८:४०

ना बाप्पा! मी त्याच कॉलेजचा. तीन वर्षं त्या कॅन्टीनात काढली, हे नाव कोणी काढलं नाही. हिस्लॉपसाहेबाबद्दल विचार, सगळं सांगतो. दगड गोळा करायचा, बोरी नदीत बुडून मेला. पण हा कोच काहून माहीत नाही आम्हाला?

चौक उरले नाहीत हे मात्र खरं बोलला राजे.

अवकाळी | सोमवार, सकाळी ९:५५

लेख चांगला आहे, पण एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली आहे. हे गृहस्थ मिशनरी म्हणून आले होते. त्याच नागपुरात, त्याच वर्षांत, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला सरकारने न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली होती. १९५४ ची नेमणूक, १९५६ चा अहवाल. परदेशी पैसा आणि धर्मांतर यांवर त्यात काय लिहिलंय ते वाचा, मग शताब्दीचं बघू.

सीताबर्डीकर | सोमवार, सकाळी १०:३०

@अवकाळी, गाळलं नाही, 'मेथडिस्ट चर्चतर्फे' असं लिहिलंय. पण तुमचा मुद्दा रास्त आहे, तो काळ डोळ्यांपुढे यायला मदतच होते. नागपुरात मिशनरी या शब्दावरून गरमागरमी चाललेली, आणि अशा वेळी एक मिशनरी इथे येऊन उलटीच शिकवण घेऊन परत जातो. आलेला माणूस ख्रिस्ती होता आणि गेलेलाही ख्रिस्तीच होता. फक्त जाताना येशूच्या जोडीला सत्याग्रह हा शब्द घेऊन गेला. समितीच्या अहवालात अशा आयात-निर्यातीचं कलम नसावं.

अवकाळी | सोमवार, सकाळी १०:४१

ठीक. ही कोटी मान्य. मुद्दा कायम.

नॅशव्हिलची_सून | सोमवार, रात्री ९:०५

इथे सकाळ झाली आणि धागा दिसला. आम्ही सोळा वर्षं नॅशव्हिलला आहोत, त्यामुळे दोन शब्द माझेही.

इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात वरच्या मजल्यावर नागरी हक्कांची एक खोली आहे. मधोमध जेवणाच्या काउंटरसारखा गोल काउंटर आणि स्टुलं. खिडकीतून खाली चर्च स्ट्रीट दिसते. काउंटरच्या कडेवर त्या वेळच्या विद्यार्थ्यांना दिलेले नियम कोरलेत. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा त्यांना घेऊन गेले. त्यांना इंग्रजी बेताचं, म्हणून मी एकेक नियम वाचून मराठीत सांगत होते. कोणी मारलं किंवा शिव्या दिल्या तरी उलट मारायचं नाही, शिवी द्यायची नाही. मोठ्याने हसायचं नाही. दुकानाचं दार किंवा आतली वाट अडवायची नाही. सरळ बसायचं, तोंड कायम काउंटरकडे. कोणी काही विचारलं तर नम्रपणे आपल्या प्रमुखाकडे पाठवायचं. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण आठवा. सासूबाई 'हसायचं नाही'पाशी थांबल्या. म्हणाल्या, हे ज्याने लिहिलं त्याला पोरं कळत होती गं.

हे नियम जॉन लुईस आणि बर्नार्ड लफाएट या विद्यार्थ्यांनी लिहिले होते. तालीम लॉसनसरांची.

१३ फेब्रुवारी १९६० चा शनिवार. बर्फ पडत होता. १२४ विद्यार्थी चर्चमधून निघून फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या वूलवर्थ, क्रेस आणि मॅक्लेलन या दुकानांत गेले. या दुकानांत कृष्णवर्णीयांनी वह्या, साबण, रुमाल काहीही विकत घ्यावं, पैसे तेच. पण तिथल्याच काउंटरवर बसून सँडविच खायचं म्हटलं की बंदी. पोरं बसली, कोणी वाढलं नाही, पोरं अभ्यासाची पुस्तकं काढून वाचत बसली. दोन आठवड्यांनी, २७ तारखेला, गोऱ्या टोळक्यांनी हात टाकला. पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडलं आणि बसलेल्या ८१ जणांना धरलं. एक तुकडी उचलून नेली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसायची. ते बघून पोलिसांचाच दम सुटला.

आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठ. लॉसन तिथे धर्मशास्त्राचे विद्यार्थी होते, मार्चच्या सुरुवातीला त्यांना काढून टाकलं. निषेध म्हणून त्या विभागाच्या डीनसकट बऱ्याच प्राध्यापकांनी राजीनामे दिले. लॉसन यांनी पदवी बॉस्टनहून घेतली. मग २००६ मध्ये याच विद्यापीठाने त्यांना शिकवायला बोलावलं, आणि ते गेले! मी असते तर गेले नसते. आज त्यांची कागदपत्रं तिथल्या संग्रहात आहेत, त्यांच्या नावाची संस्था आहे, शिवाय शहरात २०२३ पासून त्यांच्या नावाचं हायस्कूल सुरू झालंय. नाव देण्यात इकडची मंडळी कमी नाहीत. त्या हायस्कूलच्या मुलांना तळघरातली तालीम कोणी शिकवतं का, असं मनात येतं.

गोगलगाय | सोमवार, रात्री ११:२०

एवढी अहिंसा करून किंग यांना गोळीच मिळाली ना शेवटी?

निळी_पहाट | मंगळवार, सकाळी ७:३०

धागा वाचला, आवडला, पण घशात काहीतरी अडकलं.

नागपूर म्हणजे फक्त सेवाग्रामचा शेजार आहे का? जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन याच शहरात उभं राहिलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली ती याच शहरात. लॉसन तोपर्यंत ओबर्लिनला पोचले होते, काही महिन्यांनी चुकामूक झाली. माणसाला माणूस म्हणून वागवा, एवढ्यासाठीची सगळ्यात मोठी चळवळ ज्या वस्त्यांत चालली होती, त्या हिस्लॉपपासून सायकलने वीस मिनिटांवर. आणि आपण आजही सांगतो काय, तर अमेरिकन पाहुणा आला आणि गांधी घेऊन गेला.

नातं जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून विचारलं की तुमचे लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताहेत त्याची प्रत मिळेल का. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले आपल्यासारखेच एक अस्पृश्य' अशी करून दिली. त्यांना आधी धक्का बसला, राग आला. मग म्हणाले, खरंच आहे की. १९६५ च्या एका प्रवचनात त्यांनीच हे सांगितलंय.

तालमीबद्दल म्हणाल तर २० मार्च १९२७ ला महाडला पाणी पिऊन परतणाऱ्या लोकांवर गावगुंडांनी लाठ्या चालवल्या. बाहेर हजारो लोक, त्यांत लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी. बाबासाहेबांनी शब्द टाकला असता तर महाड उरलं नसतं. त्यांनी सगळ्यांना आवरलं. ती अहिंसा कोणत्या आश्रमातून आली होती?

सीताबर्डीकर | मंगळवार, सकाळी ८:१५

@निळी_पहाट, घशात अडकलेलं बाहेर काढलंत ते बरं केलंत. महाडचं उदाहरण मी लेखातच द्यायला हवं होतं. चूक माझी.

एकच भर घालतो, तीही वाद म्हणून नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेब म्हणाले होते की सनदशीर मार्ग मोकळे असताना सत्याग्रह, असहकार यांची पद्धत सोडली पाहिजे, ते अराजकाचं व्याकरण आहे. हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक मोर्चाच्या तोंडावर फेकलं जातं. पण त्यातली अट बघा, 'मोकळे असताना'. मिसिसिपीत, अलाबामात कृष्णवर्णीय माणूस मतदार म्हणून नाव नोंदवायला गेला की नोकरी जायची, घर जळायचं. मतदान हक्काचा कायदा झाला तो १९६५ मध्ये. मार्ग कागदावर होता, पायाखाली नव्हता. म्हणून लॉसन यांच्या तळघरातली पोरं आणि बाबासाहेबांचं ते भाषण यांत मला विरोध दिसत नाही.

@गोगलगाय, किंग यांना जिथे गोळी लागली त्या मेम्फिसला लॉसन यांनीच बोलावलं होतं. ते ओझं त्यांनी कसं वागवलं असेल देव जाणे. पुढे ते किंग यांच्या खुनाबद्दल शिक्षा झालेल्या जेम्स अर्ल रे याला तुरुंगात भेटत राहिले. १९७८ मध्ये तुरुंगातच त्याचं लग्न लागलं, ते लावणारे पाद्री लॉसन. रे हा खरा मारेकरी नाही, असं त्यांचं मत होतं. ते मला पटत नाही. पण भेटायला गेले, हे मात्र डोक्यातून जात नाही.

पारावरचा | मंगळवार, दुपारी ३:१०

मेम्फिसचा विषय निघालाच आहे तर म्हाताऱ्याचंही ऐका. मी तीस वर्षं युनियनचं काम केलं, आता पारावर बसतो.

१ फेब्रुवारी १९६८. मेम्फिसमध्ये धो धो पाऊस. कचरा गोळा करणारे दोन कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या ट्रकच्या मागच्या पिंपात शिरले. त्यांना दुसरीकडे कुठे थांबायची मुभा नव्हती. यंत्रात बिघाड झाला, कचरा दाबणारा दट्ट्या आपोआप चालू झाला, दोघंही चिरडले. १२ तारखेला तेराशे कामगार कामावर गेले नाहीत. लॉसन तेव्हा तिथल्या सेंटेनरी चर्चचे पाद्री. संपाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या पाद्र्यांच्या समितीचे तेच प्रमुख. वंशभेदाच्या मुळाशी एकच कल्पना आहे, माणूस हा माणूस नाही, असं ते कामगारांना सांगायचे. तुम्ही माणसं आहात. पुढे त्या संपाच्या पाट्यांवर इंग्रजीतले चारच शब्द आले, 'आय ॲम अ मॅन', मी माणूस आहे. वर निळी_पहाट यांनी महाडबद्दल लिहिलंय ते वाचताना मला त्या पाट्याच दिसत होत्या. चवदार तळ्याचं पाणी फक्त तहानेसाठी नव्हतंच.

२८ मार्चला किंग यांच्यासोबत मोर्चा निघाला आणि मागच्या रांगांतून काचा फुटायला लागल्या. लॉसन यांनी कर्णा घेऊन लोकांना चर्चकडे परत वळायला सांगितलं, किंग यांना तिथून हलवायला लावलं. त्या दिवशी लॅरी पेन नावाचा सोळा वर्षांचा पोरगा पोलिसाच्या गोळीने मेला. मोर्चातल्या बहुतेकांची तालीमच झाली नव्हती. नॅशव्हिलला महिनोनमहिने तळघरात घासलेली पोरं होती, इथे सहा आठवड्यांत रस्त्यावर आलेले हजारो लोक.

हे मी का लिहितोय? आमच्याकडे एका कारखान्यात एकाहत्तर दिवस संप चालला होता. नाव घेत नाही, मालकही गेले आणि कारखानाही गेला. सगळं शिस्तीत. बासष्टाव्या दिवशी गेटवर साहेबाची गाडी आली, त्यांनी काच खाली करून एका पोराला आईवरून काहीतरी म्हटलं, आणि पोराने दगड उचलला. एकच दगड. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कशाचा? फुटलेल्या काचेचा. बासष्ट दिवस पोटाला चिमटा काढून बसलेल्या बायाबापड्यांचा एकही नाही. नऊ दिवसांत संप मोडला. त्या पोरावर मी आयुष्यभर चिडून होतो. सीताबर्डीकर, तुमचा लेख वाचून काल रात्री पहिल्यांदा वाटलं की त्याला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं, कोणी आईवरून बोललं तर हात कुठे ठेवायचे. घोषणा शिकवल्या, हे शिकवलं नाही.

मेम्फिसचा संप १६ एप्रिलला मिटला. युनियनला मान्यता मिळाली. किंग यांना जाऊन बारा दिवस झाले होते. खुनाच्या आदल्या रात्रीच्या, ३ एप्रिलच्या भाषणात त्यांनी लॉसन यांचं नाव घेऊन सांगितलं होतं, हा माणूस कित्येक वर्षं या लढ्यात आहे, तुरुंगात गेलाय, व्हँडरबिल्टमधून याला हाकललंय, तरी लढतोच आहे.

तर्रीपोहे | मंगळवार, दुपारी ३:४८

काका. _/\_

सुईदोरा | मंगळवार, रात्री १०:३०

मी इथे नेहमी पाककृतींच्या धाग्यांवर असते, इकडे पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा बचत गट आहे, चौदा जणी. वस्तीतल्या नळाला चार महिने पाणी धड येत नाही. अर्ज घेऊन एका कार्यालयात तीनदा जाऊन आलो. तिथले साहेब आमच्याकडे न बघता मोबाईलमध्ये बघत बोलतात. मागच्या वेळी म्हणाले, 'एवढ्या बायका कशाला आल्या, पिकनिक आहे का?' आमच्यातल्या एकीला रडू आलं, एकीला राग आला आणि ती वाट्टेल ते बोलली. मग आमचंच चुकलं असं झालं. शिपायाने बाहेर काढलं. आता परत जायला कोणी तयार नाही.

मला हे तळघराचं वाचून वाटलं, आपणही आधी घरीच करून बघावं का? पण नेमकं करायचं काय? आणि तोंडावर अपमान झाल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, तेच सुचत नाही हो. सगळा घोळ तिथेच होतो.

सीताबर्डीकर | मंगळवार, रात्री ११:१५

@सुईदोरा, पहिल्या वाक्याबद्दल लॉसन यांचाच एक किस्सा.

नॅशव्हिलला एका सत्याग्रहाच्या वेळी रस्त्यात टोळकं विद्यार्थ्यांना मारत होतं. लॉसन तिथे चालत गेले. टोळक्याचा म्होरक्या, कातडी जाकीट घातलेला गोरा पोरगा, त्यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन यांनी शांतपणे त्याला विचारलं, तुझ्याकडे रुमाल आहे का? तो इतका गोंधळला की खिशातून काढून देऊन बसला. यांनी तोंड पुसलं, रुमाल परत केला, आणि जाकिटाकडे बघून विचारलं, मोटरसायकल आहे का तुझ्याकडे? होती. मग कुठली, काय काय बदल केलेत तिच्यात, यावर दोघं बोलायला लागले. तेवढ्यात मार खाणारी पोरं उठून आपल्या रांगेत गेली.

यात जादू काही नाही. समोरच्याने ठरवून ठेवलेल्या दोनच वाटा असतात. तुम्ही रडाल किंवा भडकाल. त्याला तिसरं काहीतरी विचारलं की त्याचा सूर तुटतो. आणि असा प्रश्न ऐन वेळी सुचत नाही, म्हणून आधी घोटायचा. पिकनिकचं बोलले तर काय विचारायचं, ते चौदा जणींनी मिळून ठरवा. एकीला साहेब करा, एकीला शिपाई. साहेब झालेलीने अजिबात दयामाया दाखवायची नाही, ही अट.

नॅशव्हिलची_सून | बुधवार, पहाटे ४:५०

आणि बोलणारी एकच ठरवा. नियमांतही तेच आहे, विचारणाऱ्याला प्रमुखाकडे पाठवा. बाकीच्यांनी सरळ बसायचं. हसायचं नाही!

निळी_पहाट | बुधवार, सकाळी ७:५०

अर्जाची पोच घेतली का? आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत? नसेल तर या वेळी आधी ती घ्या, बोलणं नंतर. 'मागच्या अर्जाचा आवक क्रमांक सांगता का साहेब?' हेच पहिलं वाक्य ठेवा. सनदशीर मार्ग आपण मोकळा करून घ्यायचा असतो.

अवकाळी | बुधवार, सकाळी ९:३०

माहितीच्या अधिकाराचा अर्जही तयार ठेवा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो, इथेच टाकतो. आणि हो, मिशनऱ्यांबद्दलचा मुद्दा कायम.

तर्रीपोहे | बुधवार, सकाळी ११:०२

शताब्दीचं राहूनच गेलं न बे. लॉस एंजेलिसात ॲडम्स बुलेव्हार्डच्या एका मैलाला त्यांचं नाव दिलंय, जानेवारी २०२४ मध्ये, ते असताना. तिथल्या विद्यापीठाच्या कामगार केंद्राच्या इमारतीलाही नाव आहे. निवृत्तीनंतरही हॉटेलात चादरी बदलणाऱ्या, ऑफिसं झाडणाऱ्या लोकांच्या युनियनांना शिकवत होते म्हणून. मी म्हणतो आपल्या कॉलेजच्या मैदानावर एक दिवस पोरांना जमवू. भाषण नाही, तालीम. चहा-पोहे माझ्याकडे.

सीताबर्डीकर | बुधवार, सकाळी ११:२०

२२ सप्टेंबर धरून ठेव. पारावरचे काका, तुम्ही साहेब व्हाल का? गाडीची काच खाली करणारे?

पारावरचा | बुधवार, सायंकाळी ६:४०

होईन. ते साहेब कसे बोलले होते ते अक्षर न् अक्षर पाठ आहे.

सुईदोरा | रविवार, रात्री ९:५५

काल आमच्याकडे तालीम झाली. चौदांतल्या अकरा जणी आल्या. साहेब म्हणून आमच्या सगळ्यात गरीब स्वभावाच्या ताईंना बसवलं, हातात मोबाईल दिला. त्यांनी इतकं झिडकारलं की दोघी खरंच रडल्या आणि मला घाम फुटला. पहिल्या तीन वेळा आम्ही हरलो. चौथ्या वेळी आवक क्रमांकाचं वाक्य म्हणून झाल्यावर सगळ्या गप्प उभ्या राहिलो, आणि ताईंना पुढे काय बोलावं ते सुचेना. मग त्याच हसल्या. त्यांना सांगितलं, हसायचं नाही.

आता मंगळवारी परत बसतोय, या वेळी साहेब दुसरी. गुरुवारी कार्यालयात जाणार. अवकाळीदादा, तेवढा मसुदा उद्यापर्यंत टाकाल का?